डोंगर न सांगता अग्नी

आमच्या सर्व्हरच्या कोडमध्ये एक छोटी फाइल आहे. तिच्यात चालणारी एकही ओळ नाही, फक्त एक घोषणा आहे: येणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टवर ‘युझर’ असतो आणि त्या युझरला आयडी असतो. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर ही घोषणा वाचतो आणि मग प्रकल्पाच्या कुठल्याही कोपऱ्यात ती खरी धरून चालतो. ‘रिक्वेस्ट.युझर’ लिहून टिंब दिलं, की एडिटर आपणहून ‘आयडी’ सुचवतो. युझर त्या जागी खरोखर असतो का, हे त्याने पाहिलेलं नसतं. असतो असं त्याला सांगितलेलं असतं.

जे आपण पाहिलेलं नाही ते दुसऱ्याच्या शब्दावरून किती आणि कुठवर खरं मानावं? सांगलीला बी. ए.ला संस्कृत घेऊन अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ वाचत होते तेव्हा हा प्रश्न मला पहिल्यांदा भेटला. पुढे एम. सी. ए. केलं, पुण्यात नोकरी धरली, आणि आता दूध संकलन केंद्रांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिते. तिथे तोच प्रश्न पुन्हा समोर आला. वर्गात तो परीक्षेपुरता होता. आता त्याच्या उत्तरावर कोणाच्या तरी दुधाची नोंद अवलंबून असते.

ज्ञान मिळवणारा म्हणून कंपायलरकडे पाहिलं तर त्याची अवस्था मोठी अवघड आहे. तो प्रोग्रॅम चालवत नाही. समोरचा लिहिलेला मजकूर एवढंच त्याचं प्रत्यक्ष, बाकीचं सगळं त्याला दोन वाटांनी मिळतं. पहिली अनुमानाची: या फंक्शनमध्ये एक संख्या गेली, तिची दुप्पट परत आली, म्हणजे परत आलेली वस्तूही संख्याच. या विद्येचा पाया रॉजर हिंडली यांनी १९६९ मध्ये आणि रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये घातला. त्यांच्या पद्धतीत प्रोग्रॅमरने एकही टाइप लिहिला नाही तरी यंत्र तो शोधून काढू शकतं. अँडर्स हाइल्सबर्ग यांच्या पुढाकाराने मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणलेलं टाइपस्क्रिप्ट तितकं दूर जात नाही. ते जवळपासचं पाहून अनुमान करतं, आणि अनुमान पोचत नाही तिथे दुसऱ्या वाटेने जातं. ती वाट शब्दाची. कोणीतरी लिहून ठेवलंय की अमुक वस्तू अशी आहे, म्हणून ती तशी.

न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांनी शब्दाला स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं स्वतंत्र साधन, मानलं. चार्वाकांनी अनुमानसुद्धा मान्य केलं नाही. वैशेषिक आणि बौद्ध यांनी शब्दाची वेगळी गरज नाही म्हणून तो अनुमानातच बसवला. नैयायिकांची भूमिका मला आजही सगळ्यांत माणुसकीची वाटते. माझी जन्मतारीख मला आईच्या सांगण्यावरून कळली, आणि ते ज्ञानच आहे. पण ही मुभा देताना त्यांनी एक अट घातली: सांगणारा आप्त असला पाहिजे, म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि तशीच सांगणारा. शब्द प्रमाण ठरतो तो बोलणाऱ्याच्या जोरावर. मीमांसकांनी वेदापुरती ही अट काढून टाकली. वेद अपौरुषेय, त्याला कर्ताच नाही, म्हणून कर्त्याचे दोषही नाहीत. नैयायिकांना हे पटलं नाही. वेदही प्रमाण आहे तो ईश्वर आप्त आहे म्हणून, असं ते म्हणाले. मी पूजा-अर्चा करणाऱ्या घरातली आहे आणि माझी श्रद्धा टिकून आहे ती या नैयायिक बाजूच्या आधारावर. कोण बोलतंय हे विचारायला ज्या श्रद्धेत बंदी आहे, ती मला कधी जमली नाही.

कंपायलरला मात्र बोलणाऱ्याचं नाव कळत नाही. टाइपची घोषणा त्याच्या लेखी अपौरुषेयच. ती लायब्ररीच्या कर्त्याने लिहिली, की ‘डेफिनिटलीटाइप्ड’ या सार्वजनिक संग्रहात भलत्याच कोणी लिहून दिली, की काल रात्री माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याने घाईत लिहिली, यात त्याला फरक दिसत नाही.

आता प्लगिनकडे येते, कारण खरी गाठ तिथे आहे.

आमचा सर्व्हर फास्टिफायवर उभा आहे. मात्तेओ कोल्लिना आणि तोमास देल्ला वेदोवा यांनी घडवलेलं हे फ्रेमवर्क मला मनापासून आवडतं, आणि त्याचं कारण म्हणजे त्याची झाडासारखी रचना. मूळ सर्व्हर म्हणजे बुंधा. ‘रजिस्टर’ म्हणून एखादं प्लगिन जोडलं, की एक नवी फांदी फुटते. बुंध्यावर जे असेल ते फांदीला मिळतं. फांदीवर जे जोडलं ते बुंध्याला किंवा शेजारच्या फांदीला दिसत नाही. लॉगिन तपासणारं प्लगिन एका फांदीवर बसवलं, की त्या फांदीवरच्या रूटनाच युझर मिळतो. मुद्दाम कुंपण काढायचं असेल तर ‘फास्टिफाय-प्लगिन’ नावाचं वेष्टन वापरावं लागतं. त्या प्लगिनसाठी नवी फांदी फुटत नाही, आणि त्याने जोडलेलं ते ज्या पातळीवर लावलं असेल त्या पातळीलाच मिळतं.

हे सगळं प्रोग्रॅम चालताना घडतं. ‘रजिस्टर’ केल्यावर सर्व्हरचा टाइप वाढत नाही. आधी जो होता तोच राहतो. ‘डेकोरेट’ म्हणून वस्तूवर काही नवं चिकटवलं तरी, ज्या नावाने ती वस्तू आपण धरली आहे त्या नावाचा टाइप बांधला गेलेला असतो. कंपायलरला हा बदल अनुमानाने पकडता येत नाही. मग फास्टिफायने वाट दिली ती शब्दाची: ‘डिक्लेअर मॉड्यूल’ लिहायचं, त्यात फास्टिफायच्याच इंटरफेसमध्ये आपलं नवं कलम घालायचं, आणि टाइपस्क्रिप्ट दोन्ही जोडून एकच इंटरफेस समजतं. याला डिक्लरेशन मर्जिंग म्हणतात. सोय उत्तम आहे आणि लाखो लोक ती रोज वापरतात. पण ही घोषणा साऱ्या प्रकल्पाला लागू होते. फांद्या तिला माहीतच नाहीत. प्लगिन प्रत्यक्षात कुठेही रजिस्टर केलेलं नसलं, त्याची फाइल नुसती कंपायलरच्या वाचनात आली, तरी ‘प्रत्येक रिक्वेस्टवर युझर आहे’ हे विधान सगळीकडे खरं ठरतं.

न्यायाच्या वर्गात आमच्या बाई अनुमान शिकवताना एका गोष्टीवर हटून बसत. ‘धूर आहे म्हणून अग्नी आहे’ असं म्हटलेलं त्यांना चालत नसे. कुठे? डोंगरावर. धूर त्याच डोंगरावर दिसला पाहिजे, आणि अग्नीही त्याच डोंगरावर सिद्ध करायचा. या डोंगराला पक्ष म्हणतात, आणि हेतू, म्हणजे इथे धूर, पक्षावर असणं ही पक्षधर्मता. ती नसेल तर धूर आणि अग्नी यांचा संबंध कितीही पक्का असो, अनुमान उभं राहत नाही. जगात कुठेतरी धूर असणारच, म्हणून माझ्या घरात आग आहे असं कोणी म्हणत नाही. तेव्हा मला हा व्याकरणाच्या चुका काढण्यासारखा काटेकोरपणा वाटे. आज वाटतं की ज्ञानाबद्दल इतकं महत्त्वाचं दुसरं काही मला कोणी शिकवलं नाही. जे विधान आपली जागा सांगत नाही, ते खरं की खोटं हे तपासायला जायचं तरी कुठे?

नव्य-नैयायिकांनी हा विचार आणखी पुढे नेला. मिथिलेच्या गंगेशाच्या ‘तत्त्वचिंतामणी’नंतर त्या परंपरेत अवच्छेदकाची, म्हणजे मर्यादा ठरवणाऱ्या गोष्टीची, भाषा फार बारीक झाली. त्यातलं एक जुनं उदाहरण माकडाचं आहे. झाडावर माकड बसलंय. झाडाला माकडाचा संयोग आहे का? फांदीच्या जागी आहे, मुळाच्या जागी नाही. झाड एकच, त्याच्यावर संयोगही आहे आणि संयोगाचा अभावही आहे, आणि यात विरोध नाही, कारण एकाची मर्यादा फांदीने ठरते, दुसऱ्याची मुळाने. अशा अर्धवट व्यापून राहणाऱ्या गोष्टीला ते अव्याप्यवृत्ती म्हणतात. फास्टिफायची रचना समजून घेताना मला हे उदाहरण आठवलं आणि मी थक्क झाले, कारण रिक्वेस्टवरचा युझर नेमका तसाच आहे. तो एका फांदीपुरता आहे. डिक्लरेशन मर्जिंग ती मर्यादा पुसून टाकतं आणि सांगतं, माकड झाडभर आहे.

याचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. एक म्हणजे नसलेली वस्तू आहे असं वाटतं. दुसरा परिणाम त्याहून विचित्र. आमच्या एका फांदीवर युझर म्हणजे संस्थेचा सभासद, दुसरीवर युझर म्हणजे केंद्राचा कर्मचारी. चालताना काही अडचण नाही, मध्ये कुंपण आहे. पण जोडलेल्या इंटरफेसमध्ये एकाच नावाला दोन टाइप चालत नाहीत, कंपायलर हरकत घेतो. मग लोक तिथे ‘सभासद किंवा कर्मचारी’ असं लिहितात, आणि ज्या फांदीवर सभासदाशिवाय कोणी येऊच शकत नाही तिथेही प्रत्येक ओळीत शंका उपटते. जिथे खात्री नव्हती तिथे खात्री आली, आणि जिथे खात्री होती तिथे संशय आला. दोन्हीचं मूळ एकच: जागा गाळली.

पहिल्या परिणामाचा अनुभव एका सकाळी आला. संकलन केंद्रावर एक मशीन असतं. दुधाचं वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ) मोजून ते आकडे सर्व्हरला पाठवतं. मशीन लॉगिन करत नाही, त्याची स्वतःची किल्ली असते, म्हणून त्याचे रूट वेगळ्या फांदीवर आहेत. नोंदी कोणी केल्या हे लिहिणारं एक सामायिक फंक्शन या फांदीवरही वापरलं गेलं, आणि ते युझरचा आयडी मागत होतं. कंपायलरने काही हरकत घेतली नाही. सकाळच्या पाळीत मशीनने पाठवलेली प्रत्येक नोंद नाकारली गेली. रांगेत कॅन घेऊन उभ्या असलेल्या लोकांना पावती मिळेना. सचिवांनी जुनी वही काढली आणि हाताने आकडे लिहिले, दुपारी ते आम्ही चढवले. कोणाचे पैसे बुडाले नाहीत. पण दहा दिवसांच्या बिलावर ज्यांचं घर चालतं त्यांना त्या सकाळी फॅट किती लागली हे कागदावर दिसलं नाही, आणि ती अस्वस्थता मला क्षुल्लक वाटत नाही. माझा एक तरुण सहकारी स्क्रीनकडे पाहत पुन्हा पुन्हा म्हणत होता, “पण टाइपचेक पास झालंय की!” त्याचं आश्चर्य खरं होतं. त्याला लहानपणापासून, म्हणजे कोड लिहायला लागल्यापासून, हेच शिकवलं होतं की टाइपचेक पास झालं म्हणजे निदान एवढी चूक उरत नाही.

इथे प्रामाण्याचा वाद आठवतो. ज्ञान खरं आहे हे कशावरून कळतं? कुमारिलाच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. पुढे बाध आला, म्हणजे ते खोटं पाडणारं दुसरं ज्ञान आलं, तरच ते सोडायचं. नैयायिक म्हणतात, नाही, खरेपणा बाहेरून कळतो. पाणी दिसलं, गेलो, प्यालो, तहान भागली, मग ते पाण्याचं ज्ञान खरं. टाइपस्क्रिप्ट पूर्णपणे मीमांसकांच्या बाजूचं आहे: घोषणा खरी, विरोध दिसेपर्यंत. मीमांसकांच्या भूमिकेत मला एक समजूतदारपणा दिसतो, कारण प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा दाखला मागत बसलो तर कुठे थांबणार? पण त्यांच्या जगात बाध येऊ शकतो. दोरीला साप समजणाऱ्याला दिवा आणता येतो. टाइपस्क्रिप्टचे टाइप जावास्क्रिप्ट तयार होताना पुसले जातात. प्रोग्रॅम चालू असताना ते हजरच नसतात. सर्व्हर कोसळला तरी ती बातमी घोषणेपर्यंत पोचत नाही. दुसऱ्या दिवशी कंपायलर पुन्हा तितक्याच शांतपणे सांगतो की युझर आहे. बाध ज्याला स्पर्शच करू शकत नाही अशा विधानाला स्वतःप्रामाण्य देणं, हे कुमारिलानेही मान्य केलं नसतं असं मला वाटतं.

टाइपस्क्रिप्ट घडवणाऱ्यांनी काही लपवलेलं नाही. पूर्णपणे निर्दोष टाइपव्यवस्था हे आपलं उद्दिष्टच नाही, अचूकपणा आणि कामाचा वेग यांचा तोल साधायचा आहे, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. शब्दाने मिळालेलं आणि अनुमानाने मिळालेलं, दोन्ही एडिटरमध्ये एकाच रंगात दिसतं. कुठलं ज्ञान कुठल्या वाटेने आलं हे ज्याला दिसत नाही, त्याने विश्वासाचं प्रमाण ठरवायचं कसं?

दुसरी वाट एलिशियाने घेतली. ‘बन’ या जावास्क्रिप्ट रनटाइमवर चालणारं हे फ्रेमवर्क शब्दाऐवजी अनुमानावर भिस्त ठेवतं. तिथे प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला साखळीने जोडायची. ‘यूझ’ म्हणून प्लगिन जोडलं, की परत येणाऱ्या वस्तूचा टाइप नवा असतो, त्यात प्लगिनने दिलेलं सामावलेलं असतं. साखळी तोडून वेगळ्या ओळीत ‘यूझ’ लिहिलं तर प्लगिन चालतं, पण टाइपला त्याचा पत्ता नसतो. मला यात बौद्धांचा क्षणभंगवाद दिसतो. चालताना वस्तू तीच असते, नैयायिकांच्या द्रव्यासारखी टिकून राहणारी, गुण तेवढे बदलणारी. कंपायलरच्या नजरेत मात्र प्रत्येक पायरीला आधीची वस्तू संपते आणि नवी जन्मते. उदयनाने ‘आत्मतत्त्वविवेका’त क्षणभंगाविरुद्ध जिवाच्या आकांताने युक्तिवाद केला आणि मी त्याच्याच बाजूची आहे, पण टाइपांच्या जगात बौद्धांची दृष्टी अधिक कामाची ठरते, हे मान्य करायला हवं. बदलत्या वस्तूबद्दल अचूक बोलायचं तर तिच्या प्रत्येक क्षणाला वेगळं नाव द्यावं लागतं.

एलिशियात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक सक्ती. वेगळ्या फाइलमध्ये रूट लिहिले आणि तिथे युझर हवा असेल, तर त्या फाइलनेही लॉगिनचं प्लगिन स्वतः ‘यूझ’ केलं पाहिजे. वर कुठेतरी ते जोडलेलं आहे, हे पुरत नाही. प्लगिनला नाव दिलेलं असलं, की ते किती जागी मागितलं तरी एकदाच बसतं, म्हणून मागण्याने काही बिघडत नाही. म्हणजे प्रत्येक जागी हेतू दाखवावा लागतो. धूर या डोंगरावर आहे, हे या डोंगरावर उभं राहून सांगावं लागतं.

किंमत मोजावी लागतेच. साखळी लांबली की टाइप फुगत जातात, एडिटर सुचवणी द्यायला वेळ लावतो, आणि कधीकधी कंपायलर सांगतो की टाइप फार खोल गेलाय, कदाचित अनंत आहे. त्याच्या आत मर्यादा ठरलेली आहे: एकात एक १०० पातळ्या, किंवा एकूण ५० लाख वेळा विस्तार, की तो थांबतो. अनवस्था हा दोष आपल्या तार्किकांनी फार पूर्वी ओळखला. कारणाचं कारण विचारत गेलं आणि शेवट आला नाही, तर मूळ म्हणणंच टाकायचं. कंपायलरकडे तो विवेक नाही. खरोखर अनंत काय आणि नुसतं लांबलचक काय हे त्याला कळत नाही, म्हणून तो पायऱ्या मोजतो. लांब पण प्रामाणिक अनुमानही मग नाकारलं जातं. सहकारी या जागी माझ्याशी भांडतो आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. एक ओळ लिहून तीन सेकंद वाट पाहावी लागली की माणूस विचार करणं सोडून देतो, असं तो म्हणतो. त्याचा उपाय असा की घोषणेतच ‘युझर असेल किंवा नसेल’ असं लिहावं. मी तो करून पाहायला हरकत घेतली नाही. काही दिवसांतच कोडमध्ये जागोजागी उद्गारचिन्हं उगवली. टाइपस्क्रिप्टमध्ये त्या चिन्हाचा अर्थ ‘इथे आहेच, मी सांगतो’ असा होतो. एक मोठा निराधार शब्द जाऊन त्या जागी पुष्कळ छोटे निराधार शब्द आले.

आम्ही सध्या फास्टिफायवरच आहोत. हिशेबाचा सर्व्हर फॅशन म्हणून बदलत नसतात. युझरची सार्वत्रिक घोषणा काढून टाकली. आता युझर मिळवायचा तर एक फंक्शन बोलवावं लागतं. ते रिक्वेस्ट तपासतं, युझर नसेल तर तिथेच नकार देतं, असेल तरच पुढे जाऊ देतं. घोषणेच्या जागी तपासणी आली, म्हणजे चालत्या प्रोग्रॅममध्ये बाधाला दार उघडलं. मशीनच्या फांदीवर हे फंक्शन कोणी वापरू पाहिलं तर पहिल्याच चाचणीत ते दिसतं. थोडं जास्त लिहावं लागतं. ते मला मान्य आहे.

एक गोष्ट मात्र यातूनही सुटलेली नाही, आणि तिच्यापाशी मी सध्या अडकले आहे. डेटाबेसचं प्लगिन फास्टिफाय क्रमाने, वाट पाहून चढवतं. सर्व्हर तयार होण्याआधी ते नसतं, सर्व्हर बंद होताना, हातातल्या रिक्वेस्ट संपल्यावर, ते मिटतं, आणि रिक्वेस्ट संपल्यावरही मागे चालू राहिलेलं एखादं काम मिटलेल्या कनेक्शनला हाक मारू शकतं. जागा तीच, फांदी तीच, आणि टाइपही तोच. बदलली आहे ती वेळ. नव्य-नैयायिकांकडे यासाठी कालिक संबंध आहे, ते काळालाही अधिकरण, म्हणजे आधार, मानतात. त्यासाठी हल्ली रात्री भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ पुन्हा काढून बसते. टाइपस्क्रिप्टमध्ये ‘या वस्तूवर हे आहे, पण अमुक घडेपर्यंतच’ असं लिहायची सरळ सोय मला सापडलेली नाही. साखळीने पुढे जाणारा काळ मांडता येतो, कारण प्रत्येक पायरीला नवा टाइप देता येतो. पण जो काळ वस्तू आपल्या हातात असतानाच तिच्यावरून निघून जातो, तो कुठल्या टाइपमध्ये लिहायचा?